आधी तुमचं पक्कं

हेरंब ओगले आणि उल्हास टिपणीस यांचं बोलणं बंद होऊन इतकी वर्षं झाली होती की, ते कशावरून बंद झालं हे विसरायला आता काहीच हरकत नव्हती. पण दोघंही डेटाबेसवाले. त्यांच्या धंद्यात विसरणं हा गुन्हा असतो.

हॉस्टेलच्या एका खोलीत, एकाच टेबलावर कोपरांनी मारामारी करत या दोघांनी 'घोरपड' नावाचा डेटाबेस लिहिला होता. फुकट आणि खुला. कुणीही घ्यावा, आतून उघडून बघावा, हवा तसा बदलावा. नाव टिपणिसांनी सुचवलं होतं. माहितीला एकदा चिकटली की सोडणार नाही, अशा अर्थानं. पुढं दोघांचं वाजलं ते एका कोऱ्या रकान्यावरून. ओगल्यांचं म्हणणं, माणसाला मधलं नाव नसणं वेगळं आणि त्याचं मधलं नाव आपल्याला ठाऊक नसणं वेगळं. दोन्हीकडे नुसता कोरा रकाना चालणार नाही. टिपणीस म्हणाले, कोरा तो कोरा, त्याचं कुळ-गोत्र कशाला काढता? एवढ्यावरून. टिपणिसांनी सगळा कोड उचलला, शेजारी दुसरं दुकान मांडलं आणि त्याला नाव दिलं 'पाणमांजर'. कोड खुला असल्यामुळे चोरी म्हणता येईना. ओगल्यांना तेच जास्त झोंबलं. "चोर म्हणायचीसुद्धा सोय ठेवली नाही मेल्यानं," असं ते आल्यागेल्याला सांगत.

पुढं सोनखेड शहराच्या नदीपूर्वेच्या पालिकेनं घोरपड घेतली, पश्चिमेच्या पालिकेनं पाणमांजर घेतलं, आणि एका नदीला जे जमलं नव्हतं ते या दोघांनी करून दाखवलं. शहराचे खरोखर दोन तुकडे झाले.

अशा परिस्थितीत ओगल्यांच्या इरावतीचं टिपणिसांच्या सुमुखशी जमलं.

जमलं म्हणजे आधी फाटलं. इरा पूर्वेच्या पालिकेत डेटाबेस सांभाळायची, म्हणजे मुख्यतः शिव्या खायची. सुमुख पश्चिमेला तेच करायचा. पुलावरचा एक दिवा चुकून दोन्ही पालिकांच्या नोंदीत होता. पूर्वेच्या हुकमानं तो पेटे आणि लगेच पश्चिमेच्या हुकमानं विझे. येणारेजाणारे म्हणत, दिव्याला भूतबाधा झालीय. दिवा कुणाचा यावरून दोघं फोनवर इतकी कडाकडा भांडली की, पुरेसं होईना म्हणून समोरासमोर भांडायचं ठरलं. भेटली, भांडली, चहा प्याली, पुन्हा भांडली. बाकीच्या जोडप्यांना जे लग्नानंतर कळतं ते यांना आधीच कळलं होतं, एवढाच फरक.

आता इथं थोडं शास्त्र सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढची फजिती कळायची नाही.

डेटाबेस म्हणजे नुसत्या नोंदी, हे दिवस 'कडी' आली तेव्हाच गेले. कडी म्हणजे तिळाएवढी चकती. तिला बॅटरी लागत नसे की वायर लागत नसे. हवेत मोबाईलचे आणि वायफायचे जे तरंग मोकाट सुटलेले असतात त्यांच्यावरच ती जगे. दारात, नळात, गॅसच्या सिलिंडरात, एसीत, गाडीत, सगळीकडे ती टोचलेली. आणि ती फक्त डेटाबेसचं ऐके. डेटाबेसमध्ये जी वस्तू ज्या कामासाठी राखून ठेवली, त्याच कामापुरती ती उघडे, हले किंवा पेटे. एक हॉल दोन पार्ट्यांना देणं, आचाऱ्यानं ऐनवेळी पळणं, टँकर भलतीकडे वळवणं, हे सगळं थांबलं. सोनखेडच्या कोर्टातले वकील थोड्याच दिवसांत क्लास काढून बसले.

मग कायदा आला की, मोठं कार्य एकाच 'व्यवहारा'त बांधायचं. डेटाबेसवाल्यांच्या व्यवहाराचा नियम सोपा असतो: सगळं होईल, नाहीतर काहीच होणार नाही. लग्न लागलं तर हॉल मिळाला, जेवण झालं, विमा सुरू झाला, नवा फ्लॅट नावावर चढला. मध्येच फिसकटलं तर सगळं मागं. जणू कुणी कुणाला कधी भेटलंच नव्हतं. अर्धंमुर्धं काही नाही. अर्धवट लग्नांनी भरलेल्या आपल्या समाजाला हा नियम भारी आवडला.

पण एका लग्नात दोन डेटाबेस आले तर? त्याला इलाज होता, दोन टप्प्यांचा. पहिल्या टप्प्यात दोघांनी म्हणायचं, 'तयार'. एकदा तयार म्हटलं की आपल्या ताब्यातल्या वस्तू कुलूपबंद धरून ठेवायच्या. वीज जावो, सर्व्हर जळो, शब्द मोडायचा नाही. दुसऱ्या टप्प्यात दोघांनी म्हणायचं, 'पक्कं'. की झालं. आपले भटजी तरी वेगळं काय करतात? नवरा-नवरी हार घेऊन उभी राहिली की 'तयार', आणि शेवटच्या 'सावधान'ला अंतरपाट खाली आला की 'पक्कं'. इराला ही उपमा सुचली तेव्हा फार गंमत वाटली होती. नंतर वाटली नाही.

लग्नाची बोलणी झाली ती कोडच्या दुरुस्त्या पाठवाव्यात तशी, कारण दोन्ही बाप त्याशिवाय दुसऱ्या कुठल्याच मार्गानं एकमेकांशी बोलायला तयार नव्हते. ओगल्यांनी पाठवलं, 'जिलेबी काढून श्रीखंड घालणे.' टिपणिसांनी उत्तर दिलं, 'नामंजूर. श्रीखंडाची गरज सिद्ध झालेली नाही.' टिपणिसांनी पाठवलं, 'सनई कमी करणे.' ओगल्यांनी लिहिलं, 'आधी आपल्याकडच्या मंडळींचा आवाज कमी करणे.' एक प्रस्ताव तर असा होता: 'अर्धा अंतरपाट आमचा.' हॉलवाल्यांनी अंतरपाट मोटरवर बसवला होता, दोन बाजूंना दोन खांब, 'पक्कं' आलं की कापड सर्रकन खाली. टिपणिसांनी हट्टानं डावा खांब पश्चिमेच्या डेकोरेटरकडून आणवला. अशी वाटणी झाली. हॉल, त्याची दारं, एसी, उजवा खांब आणि इरा-सुमुखचा नवा फ्लॅट घोरपडीकडे. गॅस, भांडी, वरातीच्या गाड्या आणि डावा खांब पाणमांजराकडे.

"तुझे बाबा वेडे आहेत," सुमुख म्हणाला होता.

"तुझे शहाणे असते तर माझे एकटे किती वेळ वेडे राहिले असते?" इरा म्हणाली होती.

तिला एकच गोष्ट हवी होती. या माणसाशी लग्न करायचं, पुलाजवळच्या त्या फ्लॅटमध्ये राहायला जायचं, आणि कोण आधी आणि कोण नंतर हा विषय जिथं निघत नाही असं एक घर बघायचं. आजपर्यंत तिनं तसं घर पाहिलं नव्हतं.

मुहूर्त दुपारचा होता. हॉल खच्चून भरला. मंगलाष्टकं झाली. भटजींनी 'शुभमंगल सावधान' म्हटलं, अक्षतांचा पाऊस पडला, वाजंत्री वाजली, आणि अंतरपाट होता तिथंच राहिला.

भटजींनी खाकरून पुन्हा 'सावधान' म्हटलं. पुन्हा अक्षता. कापड ढिम्म. तिसऱ्या खेपेला लोकांच्या मुठीतल्या अक्षता संपल्या होत्या. ते नुसतेच हात झाडत राहिले.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून आचारी धावत आला. "गॅस बंद झाला! पुऱ्या तेलात पोहतायत नुसत्या!"

मागं कुणीतरी ओरडलं, "दार उघडत नाहीये!"

एसी ज्या थंडीवर लावला होता तिथंच गोठला होता. जरीच्या शालूतल्या बायका सुखात होत्या. सोवळं नेसून उघड्या अंगानं बसलेले ओगल्यांकडचे थोरले काका मात्र सतरंजीत शिरले. टिपणिसांचे मेहुणे हात धुवायला म्हणून स्वच्छतागृहात गेले होते, ते तिथूनच दारावर थापा मारत होते. संकटकाळचं दार होतं, नाही असं नाही. पण ते फक्त धूर दिसला की उघडे, आणि गॅसच बंद असल्यामुळे धूर काढायचीही पंचाईत. एका मावशींनी उदबत्त्यांचा जुडगा पेटवून धूर हुंगणाऱ्या यंत्राखाली धरला. यंत्रानं वास घेतला आणि गोड आवाजात सांगितलं, "धार्मिक धूर. काळजीचं कारण नाही."

इरानं एका हातात हार तसाच धरून दुसऱ्या हातानं फोन काढला. "पूर्व तयार आहे," ती पुटपुटली. "वाट बघतेय. कशाची? पश्चिमेच्या पक्कंची."

कापडापलीकडून सुमुखचा आवाज आला. "पश्चिम पण तयार आहे. वाट बघतेय पूर्वेच्या पक्कंची."

मग इरानं मान वळवली आणि ज्या आवाजात ती एरवी सर्व्हरशी बोलायची त्या आवाजात विचारलं, "बाबा, तुम्ही काय बदललंत?"

"किरकोळ," हेरंबराव म्हणाले. ते उपरण्याचं टोक बोटाला गुंडाळत होते. "एक ओळ. आपण मुलीकडचे म्हणून आधी 'पक्कं' म्हणायचं? आपण काय त्यांच्या गळ्यात पडायला आलोय? म्हटलं आधी त्यांचं येऊ दे, मग आपलं देऊ."

पलीकडून, कापडाच्या आडून, टिपणिसांचा आवाज तिला स्पष्ट ऐकू आला. ते सुमुखला समजावत होते. "अरे, मुलाकडचे आपण! आपण आधी हो म्हणायचं? उद्या तो ओगले गावभर सांगत फिरेल, टिपणीस उताविळे झाले होते म्हणून. म्हटलं आधी त्याचं पक्कं येऊ दे."

इरानं दोन्ही कोड उघडून बघितले. दोघांनी घातलेली ओळ अक्षराला अक्षर सारखी होती. एका खोलीत शिकल्याचा परिणाम.

अशा कोंडीवर डेटाबेसकडे औषध असतं. दोन कामं एकमेकांची वाट बघत ठप्प झालेली दिसली की डेटाबेस त्यातल्या एकाचा बळी देतो आणि दुसऱ्याला वाट मोकळी करतो. घोरपडीला हे येई, पाणमांजरालाही येई. पण प्रत्येकाला आपल्याच घरातलं. आपण थांबलोय हे घोरपडीला दिसत होतं. समोरचाही आपल्यासाठीच थांबलाय, हे दिसायला तिला नदीपलीकडे डोळे नव्हते. त्यामुळे दोघंही मोठ्या इमानानं थांबून राहिली. तशी ती युगाच्या अंतापर्यंत थांबली असती.

इराच्या मामांना यंत्रांचा इतिहास ठाऊक होता. त्यांनी सरळ जाऊन मेन स्विच पाडला. अंधार झाला, बायका किंचाळल्या, एका कोपऱ्यात कुणाच्या तरी तबकातलं विड्याचं पान कुणीतरी खाल्लं. मामांनी स्विच वर केला. दिवे आले, सगळी यंत्रं नव्यानं जागी झाली आणि पहिल्याच दमात म्हणाली, "तयार."

"बंद करून चालू केलं की होतं ना सगळं नीट?" मामा खट्टू होऊन म्हणाले.

"शब्द दिलाय त्यांनी, मामा," इरा म्हणाली. "शब्द बंद करून चालू करता येत नाही."

एव्हाना पाहुणे भुकेनं कावले होते. उपाशी पाहुण्याइतका निर्घृण प्राणी नाही. ओगल्यांकडचे म्हणत होते, "पाणमांजर ते पाणमांजरच, माशाशिवाय हलायचं नाही!" टिपणिसांकडचे म्हणत होते, "घोरपडीला दोर बांधा आणि ओढा!" एका आजोबांनी दोन्ही बापांना उद्देशून अशी काही विशेषणं वापरली की भटजींनी कानावर हात ठेवले, आणि बोटांच्या फटीतून ऐकली.

"ओळ काढून टाका ना दोघांनी!" इराची आई म्हणाली.

"आता काढून उपयोग नाही, आई. तयार म्हणून झालंय. आता हातानंच सोडवावं लागेल. पूर्वेचं मी, पश्चिमेचं सुमुख. दोघांच्या फोनवर किल्ली आहे. एकेक बटण."

"मग दाबा की!"

हेच तर. 'पक्कं' आणि 'माघार', दोन बटणं. प्रत्येकाला फक्त आपली बाजू. एकानं पक्कं केलं आणि दुसऱ्यानं माघार घेतली तर एक विवाहित आणि दुसरा अविवाहित, आणि एकदा पक्कं झालेलं कुठलाही डेटाबेस परत घेत नाही. समोरचा काय करणार हे कापडातून दिसत नव्हतं. आणि एकमेकांना विचारून करावं, तर विचारल्यावर काय होतं ते बघा.

"तू दाब," सुमुख म्हणाला.

"तू दाब ना."

"मी दाबलं आणि तू नाही दाबलंस तर?"

"म्हणजे? मी नाही दाबणार असं वाटतं तुला?"

"मला काही वाटत नाही. मी फक्त शक्यता सांगतोय."

"तुझ्या बापासारखा बोलतोयस."

"आणि तू तुझ्या बापासारखी थांबलीयस."

"मी थांबलीय? हार धरून हात भरून आलाय माझा इथं!"

"माझ्याकडेही हारच आहे, इरा. बर्फाचा गोळा नाही."

"मग दाब!"

"आधी तू!"

सगळा हॉल ऐकत होता, कारण भटजींचा माइक चालू होता, आणि तो बंद करायला कडीची परवानगी नव्हती. हेरंबरावांनी मुलीकडे अभिमानानं पाहिलं. पलीकडं टिपणिसांनी मुलाच्या खांद्यावर हात ठेवला असावा, कारण सुमुख "काढा हो तो हात" म्हणाल्याचं माइकवर आलं.

पुलावरच्या दिव्याच्या भांडणात गंमत होती, कारण तिथं दोघांनाही जिंकायचं होतं. इथं दोघांनाही फक्त हरायचं नव्हतं. पलीकडचं दिसू न देणारं कापड, मागं उभा एकेक बाप, हातात एकेक बटण, आणि तोंडात तेच एक वाक्य. हे घर इराला ओळखीचं होतं. ती त्यातच वाढली होती.

आई तिच्या शेजारी येऊन उभी राहिली. तिनं इराच्या हातातला हार जरा वेळ स्वतःच्या हातात घेतला.

"मी आयुष्यभर आधी बोलले," ती अगदी सहज म्हणाली. "कुणी मेडल दिलं नाही. पण घरात जेवणं वेळेवर झाली."

इरानं आईकडे पाहिलं. मग फोनकडे. मग, स्वतःशीच एक शिवी हासडून, तिनं 'पक्कं' दाबलं.

अगदी त्याच सुमारास, कापडापलीकडे, सुमुखनं 'माघार' दाबलं.

अंतरपाटाच्या उजव्या खांबाला पूर्वेचा हुकूम मिळाला: लग्न लागलं, खाली. डाव्याला पश्चिमेचा: लग्न नाही, जिथून आलास तिथं वर. कापड तिरपं झालं, ताणलं, कर्रकन फाटलं, आणि त्या तिरक्या फटीतून इराला सुमुखचा अर्धा चेहरा दिसला. त्या अर्ध्या चेहऱ्यावर पूर्ण घाम होता.

"तू काय दाबलंस?" तिनं विचारलं.

"तू काय दाबलंस?"

उत्तर त्यांच्याआधी वस्तूंनी दिलं. हॉलची दारं धाडकन उघडली, एसी मंदावला, 'नवदांपत्याचं अभिनंदन' असा फलक उजळला. पण गॅस, भांडी आणि गाड्या पश्चिमेच्या. त्यांच्या लेखी हे लग्न कधी ठरलंच नव्हतं. वरातीच्या गाड्या टिपणिसांकडच्या बायकांच्या बॅगा घेऊन आपल्या आपण डेपोकडे निघून गेल्या. मेहुणे स्वच्छतागृहातून बाहेर आले आणि विचारू लागले, "लागलं का?" कुणालाच सांगता येईना. आचाऱ्याचा गॅस पेटला खरा, पण त्याच्या यंत्रावर आजची ऑर्डरच दिसेना. त्यानं जरा विचार केला, दारात टेबल ओढलं आणि रस्त्यावरच्या लोकांना पुरीभाजी वाढायला सुरुवात केली. पाहुणे आपल्याच लग्नाच्या जेवणासाठी परक्या लोकांमागं रांगेत उभे राहिले.

आणि त्या गदारोळात, कित्येक वर्षांनी, हेरंब ओगले आणि उल्हास टिपणीस समोरासमोर आले.

"अभिनंदन, टिपणीस," ओगले म्हणाले. हॉस्टेलात ते त्यांना 'उल्ल्या' म्हणत. "आपले चिरंजीव बिनलग्नाचे राहिले."

"आपलंही अभिनंदन," टिपणीस म्हणाले. "आपली कन्या विवाहित झाली. कुणाशी, ते कळलं तर कळवा."

पुढचा प्रश्न कायद्याचा नव्हता, कोऱ्या रकान्याचा होता. इराच्या नोंदीत 'विवाहित' लिहिलेलं आणि नवऱ्याच्या रकान्यात पश्चिमेच्या अशा नोंदीकडे बोट, जी नोंद पश्चिमेत नव्हती. ओगल्यांचं म्हणणं, नवरा आहे, फक्त ठाऊक नाही. टिपणिसांचं म्हणणं, नवरा नाही, संपला विषय. दोघांचेही चेहरे विशीतल्या पोरांसारखे उजळले होते. ते वाद घालत हॉलबाहेर पडले, वाद घालत रांगेत उभे राहिले, आणि वाद घालता घालता एकाच पत्रावळीतली पुरी दोघांनी मोडली हे त्यांच्या लक्षातही आलं नाही.

इराला ते दिसलं. तिला त्या क्षणी दोघांचाही गळा दाबावासा वाटला.

"मी तुझ्यासाठी माघार घेतली," सुमुख फाटक्या कापडाशी उभा राहून म्हणाला. "म्हटलं आमची माघार, तुझे बाबा जिंकू देत. एकदा सुटू तरी दोघं. पुन्हा करता येईल."

"पुन्हा करता येत नाही. मी विवाहित आहे. विवाहित बाईला लग्न करता येत नाही, त्याच माणसाशीसुद्धा. नियम मीच लिहिलाय तो."

"मग घटस्फोट..."

"कुणापासून?"

सुमुखनं हार भटजींच्या हातात दिला. भटजींनी तो घेतला, कारण त्यांना दुसरं काही द्यायचं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

इरा फ्लॅटमध्ये राहायला गेली. फ्लॅट पूर्वेच्या व्यवहारात होता, तो तिच्या नावावर चढला होता. दारानं तिला 'सौभाग्यवती इरावती' म्हणून आत घेतलं. विम्याच्या कंपनीनं पती-पत्नी योजनेचं स्वागतपत्र पाठवलं. शेजारणीनं विचारलं, "मिस्टर काय करतात?" इरा म्हणाली, "माघार घेतात."

सुमुखचा फोन आला नाही. तिनंही केला नाही. ती त्याच्या फोनची वाट बघत होती. तो तिच्या फोनची वाट बघत असणार, हे तिला डोळे मिटून सांगता आलं असतं. मधल्या काळात बाप लोकांचा पत्रव्यवहार जोरात सुरू झाला होता. तिच्या नोंदीची दुरुस्ती कुणाच्या कोडमध्ये व्हावी यावर रोज नवा खलिता जात होता. जगभरातून माणसं त्यात पडली होती; एका परदेशी गृहस्थानं तर तिच्या नवऱ्याच्या रकान्यावर प्रबंध लिहायला घेतला होता. आईनं फोनवर सांगितलं, "तुझे बाबा हल्ली फार खुशीत असतात. शिट्टी वाजवतात."

एकदा ऑफिसात इरानं लग्नाच्या दिवसाची नोंद शोधून काढली. तिचं काम होतं ते. तिनं बघायला नको होतं, असं म्हणणारा माणूस डेटाबेसवाला नव्हे. पश्चिमेची माघार तिच्या पक्कंच्या जराशी आधी आली होती. म्हणजे तिनं पक्कं केलंय हे बघून तो पळाला नव्हता. पण मग कशासाठी? तिच्यासाठी, की तिच्यापासून? तिनं नोंद पुन्हापुन्हा वाचली. कुणी काय केलं ते यंत्र चोख लिहून ठेवतं. का केलं, याचा रकाना आजवर कुणी बनवलेला नाही.

एका संध्याकाळी तिनं चहा टाकला होता. आलं जरा जास्त पडलं होतं. कपात ओतून ती खिडकीशी बसली तेव्हा दार बोललं.

"बाहेर एक अविवाहित पुरुष उभा आहे. आपल्याशी नातं नोंदीत नाही. आत घ्यायचं का?"

इरानं कप खाली ठेवला. दारानं पुन्हा विचारलं. तिला ठाऊक होतं, आता तो म्हणेल, 'तू फोन का नाही केलास?' आणि मग ती म्हणेल, 'तू का नाही केलास?' आणि मग आयुष्य संपेल.

"इरा," बाहेरून आवाज आला. "मीच बोलतो. तू काही म्हणू नकोस, नाहीतर माझं राहील. त्या दिवशी मी तुला खोटं सांगितलं. माघार तुझ्यासाठी नव्हती घेतली. मला वाटलं, तू माघार घेणार. म्हटलं तिनं मला सोडण्याआधी आपणच सोडावं. म्हणजे निदान मी आधी. एवढंच होतं ते. चांगलं काहीच नव्हतं त्यात."

दार म्हणालं, "पुरुष बोलतो आहे. नोंद करायची का?"

"नको," इरा दाराला म्हणाली.

"तुझं काय उत्तर आहे ते मला विचारायचं नाहीये," बाहेर सुमुख म्हणाला. "मी तुझ्याशी लग्न केलंय. माझ्या बाजूचं यंत्र नाही म्हणतं, म्हणू दे. उद्या पण येईन. नाही उघडलंस तरी."

तो गेल्याचा आवाज आला नाही.

इरानं कप उचलला. चहा गरम होता. तिनं तो फुंकर मारत, घोट घोट करत, शेवटच्या आल्याच्या तुकड्यापर्यंत संपवला. भांड्यात उरलेला गाळ टाकला, भांडं विसळून उपडं घातलं. हात पुसले. मग दार उघडलं.

"चप्पल बाहेर," ती म्हणाली. "आणि चहा संपलाय. तुझा तू कर."